सिमलिंक जोडला, तरी पॅकेज नातं मानेना: मार्ग सुचवा

निपाणी_छापखाना | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. निपाणीत माझं छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांती, शाळांची ओळखपत्रं, मराठी अर्ज, कन्नड अर्ज, सगळं करतो. दुकानातली तिन्ही मशीन उबुंटू २२.०४ या लिनक्सवर आहेत आणि रोजच्या कामाला काही तक्रार नाही.

अडचण ओळखपत्रांच्या कार्ड प्रिंटरची आहे. त्याचं सॉफ्टवेअर डेब फाइलीत, म्हणजे उबुंटूच्या पॅकेजाच्या रूपात मिळतं, पण ते उबुंटू २०.०४ च्या काळात बनवलेलं. डीपीकेजी (डेब बसवणारं साधन) म्हणतं, याला लिबएसएसएल१.१ हे ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीचं पॅकेज लागतं. २२.०४ मध्ये आहे लिबएसएसएल३. मी डीपीकेजीला फोर्स-डिपेंड्स लावून, म्हणजे ही गरज डावलून, कार्डाचं सॉफ्टवेअर बसवलं. मग प्रोग्राम म्हणाला, 'लिबएसएसएल.एसओ.१.१' नावाची फाइलच नाही. म्हणून मी त्या नावाचा सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या फाइलीकडे नेणारी पाटी, केला आणि तो 'लिबएसएसएल.एसओ.३' कडे वळवला. तिच्या जोडीच्या लिबक्रिप्टो लायब्ररीचंही तसंच केलं. आता फाइल सापडते, पण 'ओपनएसएसएल_१_१_० ही व्हर्जन सापडली नाही' असा नवीन एरर.

त्याहून मोठा ताप म्हणजे आता दुसरं काहीही बसवायला गेलो की एपीटी (भांडारातून पॅकेजं आणून बसवणारं साधन) अडून बसतं. 'फिक्स-ब्रोकन चालवा' म्हणतं, आणि ते चालवलं की कार्डाचं सॉफ्टवेअरच काढायला निघतं.

फाइल जागेवर आहे, तरी प्रोग्राम का चालत नाही? आणि फाइल जागेवर आहे हे एपीटीला दिसत कसं नाही? शाळा सुरू झाल्यात, दोन शाळांची मिळून साडेचारशे कार्डं पडून आहेत. कुणीतरी नीट समजावून सांगा, नुसती कमांड नको. पुढच्या वेळी मला स्वतःला कळलं पाहिजे.

टिळकवाडी_टर्मिनल | सोमवार, रात्री ९.५५

आधी ते दोन्ही सिमलिंक काढा. सिमलिंक काढल्याने मूळ फाइलीला धक्का लागत नाही, फक्त पाटी निघते. पण आरएम, म्हणजे फाइल काढणारी कमांड, कुठल्या नावावर चालवताय ते फाइलींची यादी दाखवणाऱ्या एलएस -एल ने दोनदा बघा. पाटीऐवजी मूळ फाइल उडाली तर एसएसएच, कर्ल असे तिच्यावर चालणारे प्रोग्राम एकदम बंद पडतील.

फिक्स-ब्रोकन चालवण्याआधी त्यालाच -एस लावून चालवा. हा एस सिम्युलेटचा. काय काढणार, काय घालणार याची यादी येते, प्रत्यक्ष काही होत नाही. ती यादी आणि प्रोग्रामवर एलडीडी (लागणाऱ्या लायब्ऱ्या दाखवणारी कमांड) चालवून जे येतं ते इथे टाका.

अनगोळची_ताई | सोमवार, रात्री १०.३०

छापखानावाले दादा, तुमच्याच धंद्यातलं उदाहरण देते. डिप्लोमाच्या मुलांना मी हे असंच शिकवते.

लग्नपत्रिकेत नाव छापलं म्हणून सोयरीक होत नाही. सोयरीक दोन्ही घरच्यांनी बसून ठरवलेली असते. सिमलिंक म्हणजे छापलेलं नाव. त्यात एकच गोष्ट असते, एका वाटेचा मजकूर. 'इथे काही शोधत असाल तर तिकडे जा.' एलएस -एल मध्ये सिमलिंकची जी साइझ दिसते ती त्या वाटेतल्या बाइट्सची संख्या असते. एक्स्ट४ या फाइलसिस्टिमवर वाट ६० बाइट्सपेक्षा लहान असेल तर ती थेट आयनोडमध्येच, म्हणजे फाइलीच्या माहितीच्या नोंदीतच मावते, डिस्कवर वेगळा ब्लॉकसुद्धा लागत नाही. इतकी लहान वस्तू आहे ही. पलीकडे कोण राहतं, कुठल्या व्हर्जनचं आहे, मुळात कुणी राहतं की घर रिकामं आहे, यातलं सिमलिंकला काही माहीत नसतं.

डिपेंडन्सी, म्हणजे एका पॅकेजला दुसरं लागणं, हा वेगळा व्यवहार आहे, आणि तो दोन वेगळ्या वह्यांत लिहिलेला असतो. पहिली वही डीपीकेजीची, व्हार-लिब-डीपीकेजी मधली स्टेटस फाइल. त्यात पॅकेजांची नावं आणि व्हर्जन. 'मला लिबएसएसएल१.१ लागतं' हे कार्डाच्या पॅकेजने तिथे लिहिलंय. एपीटी फक्त ही वही वाचतं. डिस्कवर त्या नावाची फाइल आहे का, हे ते कधीच बघायला जात नाही. म्हणून तुम्ही दहा सिमलिंक केलेत तरी वहीत लिबएसएसएल१.१ ची नोंद नाही ती नाहीच. उलटही होतं. पॅकेज बसलेलं आहे आणि कुणी हाताने त्यातली फाइल उडवली, तर एपीटी म्हणणार सगळं ठीक आहे.

दुसरी वही प्रोग्रामच्या पोटात असते. ती वाचतो लोडर, म्हणजे प्रोग्राम सुरू करताना लायब्ऱ्या जोडणारा. तो एपीटीला ओळखत नाही. त्याला फाइलीचं नाव हवं आणि फाइलीच्या आतल्या खुणा हव्यात. तुम्ही नाव दिलंत, खुणा जुळल्या नाहीत.

दोन वह्या, आणि एकीचं दुसरीला माहीत नाही. तुमचे दोन्ही प्रश्न इथेच आहेत.

खानापूर_पाऊस | सोमवार, रात्री १०.४१

ताई, स्टेटस फाइलीचं हे इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. वाचनखूण साठवली.

वडगावचा_माग | सोमवार, रात्री ११.२०

ताईंनी पाया घातलाय, मी आतल्या खुणांबद्दल लिहितो.

प्रत्येक शेअर्ड लायब्ररीच्या फाइलीत तिचं खरं नाव कोरलेलं असतं, त्याला एसओनेम म्हणतात. प्रोग्राम बांधताना लिंकर ते नाव वाचतो आणि प्रोग्रामात 'नीडेड' म्हणून लिहून ठेवतो. साधं उदाहरण झेडलिब या लायब्ररीचं घ्या. २२.०४ वर खरी फाइल 'लिबझेड.एसओ.१.२.११'. तिच्याकडे बोट दाखवणारा सिमलिंक 'लिबझेड.एसओ.१', हेच एसओनेम. तिसरं नाव नुसतं 'लिबझेड.एसओ', हाही सिमलिंक, पण तो डेव्ह पॅकेजात असतो, कारण तो फक्त नवीन प्रोग्राम बांधताना लागतो.

एसओनेममधला आकडा म्हणजे लायब्ररी लिहिणाऱ्यांनी दिलेला शब्द आहे. जोवर आकडा १ आहे तोवर आधी बांधलेले प्रोग्राम मोडणार नाहीत. शब्द पाळता येणार नसेल तर आकडा बदलायचा. ओपनएसएसएलने १.१ वरून ३ केलं ते यासाठीच. म्हणजे १.१ नावाचा सिमलिंक करून ३ कडे वळवणं म्हणजे त्यांनी जे 'जुळत नाही' म्हणून सांगितलं तेच आपण 'जुळतं' म्हणून लिहिणं.

वर ओपनएसएसएल आपल्या प्रत्येक फंक्शनवर व्हर्जनचा शिक्का मारतं. जुन्या फाइलीत शिक्का ओपनएसएसएल_१_१_०, नव्या फाइलीत ओपनएसएसएल_३.०.०. लोडरने तुमची पाटी वाचली, फाइल उघडली, शिक्का बघितला आणि नाकारली. दादा, हे चांगलं झालं. शिक्का नसता तर प्रोग्राम सुरू झाला असता आणि छापताना मध्येच कुठेतरी कोसळला असता.

चिकोडी_पेंग्विन | मंगळवार, सकाळी ७.१५

मी थोडा वेगळं बोलणार. सिमलिंकने काम होतंय की कधी कधी! माझ्याकडे एक जुना प्रोग्राम आहे, त्याला लिबटिन्फो ५ ही लायब्ररी पाहिजे होती. मी ६ कडे वळवलं. दोन वर्षं झाली, चालायलंय. प्रत्येक वेळी पुस्तक उघडून बसलो तर गिऱ्हाईक दारातून परत जाईल.

आणि छापखानावाल्यांना सरळ उपाय सांगतो. २०.०४ चं जुनं लिबएसएसएल१.१ चं डेब उतरवून घ्या, डीपीकेजीने बसवा, विषय संपला. ३ शेजारी १.१ बसतंय, भांडत नाही.

वडगावचा_माग | मंगळवार, सकाळी ८.०५

पेंग्विन, दोन मुद्दे आहेत, दोन्हींना वेगळं उत्तर.

लिबटिन्फोचं चाललं कारण तुमच्या प्रोग्रामने शिक्के मागितलेच नसणार, आणि जी चार-दोन फंक्शनं त्याला लागतात ती ५ आणि ६ मध्ये सारखीच राहिली असणार. तुम्ही वापरलेल्या वाटेवर खड्डा नव्हता, एवढंच यातून सिद्ध होतं. तोच प्रोग्राम उद्या दुसरा मेनू उघडेल तेव्हा काय होईल, हे त्या सिमलिंकवरून कळत नाही.

दुसरा मुद्दा मात्र तुमचा शंभर टक्के बरोबर. पॅकेजच्या नावातच आकडा घालतात तो याचसाठी, की जुनं आणि नवं एकाच वेळी शेजारी राहावं. जुनं डेब बसवलं की दोन्ही वह्या खऱ्या अर्थाने जुळतात. अडचण एकच, आणि ती लहान नाही. २२.०४ च्या भांडारात ते पॅकेज नाही, त्यामुळे त्याला सुरक्षेचे अपडेट कुठूनच येणार नाहीत. ओपनएसएसएलच्या मूळ मंडळींनी १.१.१ ची देखभाल सप्टेंबर २०२३ मध्येच थांबवली. कुलूप तेच, फक्त त्याची दुरुस्ती करणारा आता दुकान बंद करून गेलाय.

उद्यमबाग_ऑपरेटर | मंगळवार, दुपारी १.१०

जेवणाच्या सुट्टीत लिहूलोय, म्हणून थोडक्यात. आमच्याकडे मशीनला प्रोग्राम पाठवायचा एक कॉम्प्युटर आहे. कुणीतरी ऑप्ट डिरेक्टरीत एका लायब्ररीचा सिमलिंक केलता आणि तो थेट शेवटच्या आकड्याच्या फाइलीकडे वळवलता, १.२.३ सारखा. शनिवारी अपडेट झालं, १.२.३ गेलं, १.२.५ आलं. सोमवारी पहिल्या पाळीला प्रोग्राम उठेना. सिमलिंक दिसतोय, एलएसमध्ये नाव आहे, पण उघडला की 'अशी फाइल नाही'. अर्धी पाळी गेली शोधण्यात.

सिमलिंक करायचाच असला तर एसओनेमकडे करा, शेवटच्या आकड्याकडे नको. आतला सिमलिंक पॅकेज आणि एलडीकॉन्फिग ही कमांड सांभाळतात. आणि असले तुटके सिमलिंक एका झटक्यात शोधायला फाइंड कमांडला -एक्सटाइप एल लावा.

खानापूर_पाऊस | मंगळवार, दुपारी ३.३०

माझाही अनुभव लिहितो. हा कुणाला तरी वाचवेल.

कॉलेजला असताना लॅबमधल्या एका मशीनवर मला नवा पायथन हवा होता. बसवला. पण 'पायथन३' टाइप केलं की जुनाच यायचा. एका व्हिडिओत बघून मी यूएसआर-बिनमधला पायथन३ हा सिमलिंकच नव्याकडे फिरवला. टर्मिनलमध्ये नवा आकडा दिसला, मी खूश. दुसऱ्या दिवशी टर्मिनलच उघडेना. एपीटी अपडेट केलं तर शेवटी 'एपीटी_पीकेजी नावाचं मॉड्यूल नाही' असा एरर. बाहेर खानापूरचा जुलैचा पाऊस, आत मी एकटा, आणि दुसऱ्या दिवशी त्या लॅबमध्ये परीक्षा.

कारण नंतर कळलं. एपीटी_पीकेजी हे सी-प्लसप्लसमध्ये बांधलेलं मॉड्यूल आहे. ते एकाच पायथनसाठी बांधलेलं असतं, आणि फाइलीच्या नावातच पायथनचा आकडा असतो. २२.०४ वर तो ३.१० चा. शेकडो पॅकेजांनी 'पायथन३ म्हणजे या डिस्ट्रिब्युशनचा पायथन' असं धरून आपली डिपेंडन्सी लिहिलेली असते. मी एका सिमलिंकने त्या सगळ्यांच्या पायाखालची फरशी बदलली. एपीटीच्या वहीत मात्र सगळं जसंच्या तसं.

सिमलिंक परत जागेवर आणला आणि पाच मिनिटांत सगळं सुरू झालं. तेव्हापासून यूएसआर-बिनला हात लावत नाही. माझं जे काही वेगळं, ते यूएसआर-लोकलमध्ये नाहीतर व्हीएन्व्हमध्ये, म्हणजे पायथनच्या वेगळ्या कप्प्यात. नुसतं 'पायथन' टाइप केल्यावर पायथन३ यावा एवढीच हौस असेल, तर त्यासाठी 'पायथन-इज-पायथन३' नावाचं पॅकेजच आहे. त्यात तो एक सिमलिंक आहे, पण तो वहीत नोंदलेला आहे.

अनगोळची_ताई | मंगळवार, दुपारी ४.०२

'वहीत नोंदलेला सिमलिंक.' अगदी हेच शब्द उद्या वर्गात वापरणार आहे.

कॅम्पातला_काका | मंगळवार, सायंकाळी ६.४५

मी संगणकातला माणूस नव्हे, निवृत्तीनंतर शिकतो आहे. मला हे असं समजलं. सन २०१४ च्या १ नोव्हेंबरला आमच्या गावाचं सरकारी नाव बेळगावी झालं. तरी मुंबईहून माझी बहीण पाकिटावर बेळगाव लिहिते आणि पत्र बरोबर घरी येतं. रेल्वेचा स्टेशन कोड अजून बीजीएमच आहे. जुनं नाव नव्याकडे नेऊन सोडतं, म्हणजे सिमलिंक. बरोबर आहे का?

चिकोडी_पेंग्विन | मंगळवार, सायंकाळी ६.५८

काका, एक नंबर. पण आता नावावरून सुरू होऊ नका, नाहीतर धागा हजार प्रतिसादांना जाईल आणि निपाणीची कार्डं तशीच राहतील.

धागा_राखणदार | मंगळवार, सायंकाळी ७.१०

काकांचं उदाहरण उत्तम आहे, ते राहू दे. नावाच्या वादासाठी वेगळे धागे आहेत. इथे विषय पॅकेजांचा.

वडगावचा_माग | मंगळवार, सायंकाळी ७.४०

काका, बरोबर आहे, आणि तुमचं उदाहरण आणखी एका ठिकाणी लागू पडतं. लिनक्समध्ये 'बिन' आणि 'यूएसआर-बिन' या वेगळ्या डिरेक्टऱ्या होत्या. फेडोराने २०१२ मध्ये १७ व्या आवृत्तीत त्या एक केल्या, आणि जुना 'बिन' हा 'यूएसआर-बिन' कडे नेणारा सिमलिंक झाला. डेबियन १२ पासून तिथेही हे सक्तीचं आहे. जुन्या स्क्रिप्टा जुनाच पत्ता लिहितात आणि बरोबर पोचतात.

पण डीपीकेजीच्या वहीत बरीच वर्षं जुनाच पत्ता होता. एलएस ही कमांड कुठल्या पॅकेजची असं डीपीकेजी -एस (मोठा एस) ला विचारताना 'यूएसआर-बिन-एलएस' लिहिलं की ते म्हणायचं, माहीत नाही. 'बिन-एलएस' लिहिलं की सांगायचं, कोअरयुटिल्स. फाइल एकच, नावं दोन, नोंद एकाच नावावर. मालक सापडला नाही तर दुसऱ्या पत्त्याने विचारून बघा. छापखानावाले दादांच्या २२.०४ वरही हा अनुभव येईल.

संकेश्वर_अक्षर | मंगळवार, रात्री ९.१५

अवांतर वाटेल, पण नाही. मीही डीटीपी करतो. आपल्या भागात एकाच पत्रिकेत मराठी आणि कन्नड दोन्ही लागतं. एका मशीनवर फॉन्टची मांडणी मस्त जमली होती, म्हणून ईटीसी-फॉन्ट्सची पूर्ण डिरेक्टरी पेनड्राइव्हने दुसऱ्या मशीनवर न्यायला गेलो. कॉपी करतानाच एररांची रांग लागली. मी म्हटलं असेल काहीतरी, आणि जे आलं ते तिकडे ओतलं. दुसऱ्या मशीनवर फॉन्टची निवड पार बिघडली.

उलगडा असा की त्यातल्या कॉन्फ.डी मध्ये बहुतेक सगळे सिमलिंकच असतात. खऱ्या फाइली यूएसआर-शेअरमध्ये, आणि कुठल्या लागू करायच्या ते सिमलिंक ठरवतात. पेनड्राइव्ह एक्सफॅट होता. फॅट आणि एक्सफॅट या फाइलसिस्टिमना सिमलिंक माहीतच नाहीत. न्यायचंच असेल तर आधी टार करून, म्हणजे एका फाइलीत बांधून न्या, आत सिमलिंक जसेच्या तसे राहतात.

पण खरं तर न्यायची गरजच नव्हती. कन्नडसाठी फॉन्ट्स-केएनडीए आणि आपल्यासाठी फॉन्ट्स-देवा ही मेटापॅकेजं आहेत. त्यांच्या पोटात स्वतःचं काही नाही, नुसती डिपेंडन्सी. एक बसवलं की फॉन्टचा अख्खा गोतावळा येतो. फक्त मेटापॅकेज काढून टाकलंत तर पुढच्या ऑटोरिमूव्हला ते सगळे निघायला बघतात, तेव्हा हवे असलेले फॉन्ट एपीटी-मार्कने मॅन्युअल करून ठेवा.

निपाणी_छापखाना | मंगळवार, रात्री ९.३२

संकेश्वरवाले, मराठी वळणाचे ल आणि श येतात का हो तुमच्याकडे? माझ्याकडे एका मशीनवर हिंदी वळणाचे येतात. पत्रिका परत आली एकदा.

संकेश्वर_अक्षर | मंगळवार, रात्री ९.४०

मजकूर निवडून लिबरऑफिसमध्ये भाषा मराठी करा. फॉन्टमध्ये सोय असेल तर वळण आपोआप बदलतं, लोहित देवनागरीत ती आहे. बहुतेक त्या मशीनवर भाषा हिंदी राहिली असेल.

वडगावचा_माग | मंगळवार, रात्री १०.५०

आता पॅकेज बनवणाऱ्याच्या बाजूने थोडं, कारण विषयाचा खरा गाभा इथे आहे आणि यावर आपल्या भाषेत फार कुणी लिहीत नाही.

मी माझ्या कामासाठी लहान डेब बनवतो. प्रोग्रामला कुठल्या लायब्ऱ्या लागतात ते डीपीकेजी-श्लिबडेप्स स्वतः शोधून डिपेंड्सच्या ओळीत भरतं. सुरुवातीला मला वाटायचं, सगळंच ते शोधत असेल. नाही. ते बायनरीतल्या 'नीडेड' नोंदी वाचतं. माझ्या पॅकेजातला एखादा सिमलिंक दुसऱ्या पॅकेजातल्या फाइलीकडे बोट दाखवत असेल, तर ते त्याला दिसत नाही. तिथे डिपेंडन्सी मला हाताने लिहावी लागते. मी एकदा विसरलो. माझ्या मशीनवर सगळं चालायचं, कारण ते दुसरं पॅकेज माझ्याकडे आधीच होतं. मित्राने कोऱ्या मशीनवर बसवलं आणि पहिलाच सिमलिंक पोकळ निघाला.

आपल्या वडगावात मागावर बसलेल्याला विचारा. ताणा आधी बसवलेला असतो, आडवा धागा त्याच्या भरवशावर जातो. ताण्याचा एक धागा तुटला तर तो जिथे तुटला तिथेच दिसत नाही, चार बोटं पुढे कापडात दिसतो.

म्हणून डेबियनचे नियम या बाबतीत बारीक आहेत. झेडलिबच्या डेव्ह पॅकेजात सिमलिंक आहे आणि त्याचं टोक मूळ पॅकेजात आहे, म्हणून डेव्ह पॅकेज मूळ पॅकेजवर अवलंबून असतं, तेही नेमक्या त्याच व्हर्जनवर, बरोबरीच्या चिन्हाने. यूएसआर-शेअर-डॉकमधली आपली डिरेक्टरी दुसऱ्या पॅकेजच्या डिरेक्टरीकडे सिमलिंक करायची असेल तर दोन्ही एकाच सोर्समधून आलेली हवीत आणि पहिल्याने दुसऱ्यावर डिपेंड्स लिहिलेलं हवं. एकाच वरच्या डिरेक्टरीच्या आतले सिमलिंक सापेक्ष असावेत, एका वरच्या डिरेक्टरीतून दुसरीत जाणारे पूर्ण वाटेचे.

आणखी एक खड्डा. आधीच्या आवृत्तीत जिथे डिरेक्टरी होती तिथे नव्या आवृत्तीत सिमलिंक दिलात, तर अपडेट करताना डीपीकेजी ती डिरेक्टरी बदलून सिमलिंक करत नाही. डिरेक्टरी तशीच राहते आणि तुम्ही डोकं खाजवत बसता. उलट दिशेनेही तसंच. त्यासाठी डीपीकेजी-मेंटस्क्रिप्ट-हेल्पर आहे, त्यात 'डिर टू सिमलिंक' आणि 'सिमलिंक टू डिर' असे दोन्ही प्रकार आहेत. फेडोराकडच्या आरपीएम पॅकेजवाल्यांनाही इथे बसवण्याआधी चालणारी प्रीट्रान्स स्क्रिप्ट लिहावी लागते.

गोकाक_फेडोरा | मंगळवार, रात्री ११.१५

आरपीएमचं नाव आलं म्हणून. आमच्याकडे आरपीएम प्रोग्रामच्या डिपेंडन्सीत पॅकेजचं नाव लिहीत नाही, थेट एसओनेम लिहितं, पुढे ६४बिट असा शेरा मारून. ताईंच्या दोन वह्यांत त्यामुळे अंतर कमी पडतं. कुठली फाइल कुठल्या पॅकेजात ते डीएनएफ प्रोव्हाइड्सला विचारायचं. तुमच्याकडे त्याला एपीटी-फाइल आहे, वेगळं बसवावं लागतं. पण हाताने केलेल्या सिमलिंकची नोंद आरपीएमच्या वहीतही होत नाही. तो रोग दोन्हीकडे सारखाच.

चिकोडी_पेंग्विन | बुधवार, सकाळी ७.०५

आणखी एक मार्ग हाय. इक्विव्हज. त्याने लिबएसएसएल१.१ नावाचं रिकामं पॅकेज बनवायचं, एपीटी गप्प.

अनगोळची_ताई | बुधवार, सकाळी ७.४०

नको. इथे मी ठामपणे नको म्हणते. रिकामं पॅकेज एपीटीला सांगणार की लिबएसएसएल१.१ इथे आहे. हे फक्त कार्डाच्या सॉफ्टवेअरपुरतं राहत नाही. उद्या जे जे पॅकेज त्या नावाची मागणी करेल त्याला एपीटी 'या, बसा' म्हणणार आणि ते चालवताना पडणार. इक्विव्हज चांगलं अवजार आहे, पण ती वस्तू खरंच मशीनवर असेल आणि फक्त नोंद नसेल तेव्हा. इथे वस्तूच नाही.

टिळकवाडी_टर्मिनल | बुधवार, सकाळी ९.२०

मी असतो तर काय केलं असतं ते सांगतो. पेंग्विनचा जुनं डेब बसवायचा मार्ग चालतो, पण त्याने जुनी लायब्ररी पूर्ण मशीनला खुली होते. मला ती एकाच प्रोग्रामपुरती कोंडून ठेवायची आहे.

लिबएसएसएल१.१ चं डेब २०.०४ च्या अधिकृत भांडारातूनच घ्या, कुठल्याही साइटवरून नको. ते बसवू नका, डीपीकेजी-डेब -एक्स ने एका डिरेक्टरीत उघडा. नोंद होत नाही, फक्त फाइली बाहेर येतात. लिबएसएसएल आणि लिबक्रिप्टो दोन्ही त्यातच आहेत. त्या दोन फाइली ऑप्टमध्ये, कार्डाच्या सॉफ्टवेअरच्या शेजारी एक 'लिब' डिरेक्टरी करून ठेवा. मग दोन ओळींची एक स्क्रिप्ट, जी एलडी_लायब्ररी_पाथ, म्हणजे लोडरने लायब्ऱ्या शोधायची वाट, त्या डिरेक्टरीकडे वळवून प्रोग्राम सुरू करेल. मेनूतल्या आयकॉनला ती स्क्रिप्ट जोडा. हा पाथ प्रत्येक टर्मिनलला लागू होणाऱ्या बॅशआरसी फाइलीत मात्र अजिबात घालू नका, नाहीतर कोंडण्याला अर्थ राहत नाही.

पहिली वही राहिली. कंपनीचं डेब डीपीकेजी-डेब -आर (मोठा आर) ने उघडा, कंट्रोल फाइलीत डिपेंड्समधून लिबएसएसएल१.१ काढा, व्हर्जनला आपली एक खूण जोडा, आणि -बी ने परत बांधा. आता वहीत लिहिलेलं खरं आहे, कारण त्या पॅकेजला सिस्टिमकडून ती लायब्ररी खरंच नकोय. बसवल्यावर एपीटी शांत होईल.

आणि ते मशीन फक्त कार्डांना ठेवा. ब्राउझिंग दुसऱ्यावर.

चिकोडी_पेंग्विन | बुधवार, सकाळी ९.४५

एवढ्या वेळात माझी दोनशे कार्डं छापून होतील. पण स्क्रिप्टची कल्पना आवडली, खोटं नाही बोलत.

निपाणी_छापखाना | गुरुवार, रात्री १०.१०

मंडळी, झालं.

टर्मिनल म्हणाले तसंच केलं. मध्ये एकदा अडकलो. स्क्रिप्टमधून चालवलं तरी 'फाइल नाही' यायचं. एलडीडी लावून बघितलं तर लिबएसएसएल सापडत होतं, लिबक्रिप्टो नाही. मी दोनातली एकच फाइल उचलली होती. दुसरी ठेवली आणि प्रोग्राम पहिल्या झटक्यात उघडला. एपीटीही शांत आहे, आज अपडेट करून बघितलं.

उद्यमबागवाल्यांची -एक्सटाइप एल वाली कमांडही चालवली. यूएसआर-लोकलमध्ये अकरा पोकळ सिमलिंक निघाले. त्यातले चार मीच कधीतरी केलेले, बाकीचे आधीच्या मुलाचे असावेत, तो आता पुण्याला असतो. एकेकाचं टोक रीडलिंकने बघून मगच काढले.

पहिल्या शाळेची दोनशे दहा कार्डं आज दिली. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.

एक विचारायचं राहिलं. ही स्क्रिप्ट, बदललेलं डेब, ऑप्टमधली डिरेक्टरी, हे सगळं मी केलंय हे माझ्यानंतर दुकानात येणाऱ्या मुलाला कसं कळणार? तुम्ही कुठे लिहून ठेवता?

वडगावचा_माग | गुरुवार, रात्री १०.२५

मी ऑप्टमधल्या त्याच डिरेक्टरीत 'वाचा' नावाची फाइल ठेवतो. काय आणलं, कुठून आणलं, कुठल्या तारखेला, आणि काढायचं झालं तर कुठल्या क्रमाने काढायचं.

उद्यमबाग_ऑपरेटर | गुरुवार, रात्री १०.३१

आमी मशीनच्या बाजूला कागद चिकटवलाय. लाईट गेली तरी वाचता येतोय.

निपाणी_छापखाना | गुरुवार, रात्री १०.३४

दोन्ही करतो. कागद तर माझ्याच दुकानात छापायचाय. मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्ही.